टोफासिटिनिबच्या पहिल्या गोळीआधी

अल्सरेटिव्ह कोलायटिसवर (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण होणारा जुनाट आजार) नवीन काय येतंय, तर सध्या सगळ्यांचं लक्ष टीएल१ए या सूज वाढवणाऱ्या रेणूला अडवणाऱ्या अँटिबॉडींवर आहे. तुलिसोकिबार्टच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत (२०२४) १२ आठवड्यांनी २६ टक्के रुग्णांचा आजार शांत झाला, नुसतं सलाइन मिळालेल्यांत जेमतेम १ टक्क्याचा. आकडा चांगला आहे, पण तिसरा टप्पा पार पडल्याशिवाय फार हुरळून जाऊ नये.

आज हाताशी असलेली गोळी म्हणजे टोफासिटिनिब. भारतात तिची जेनेरिक मिळते आणि तिला फ्रिज लागत नाही. गोव्यात ही लहान गोष्ट नव्हे. याच आजारावरच्या अडालिमुमॅब या इंजेक्शनचं पेन २ ते ८ अंशांतच ठेवावं लागतं. मूळ ब्रँडला १४ दिवस बाहेर ठेवायची मुभा आहे, पण २५ अंशांपर्यंतच. मे महिन्यात डिचोलीच्या घरात ती मुभा कागदावरच राहते. पावसात वीज गेली की फ्रिजचं दार उघडू नये. पेन मधल्या कप्प्यात ठेवा. बर्फाला चिकटून गोठलेलं पेन नंतर वितळलं तरी टाकूनच द्यायचं.

टोफासिटिनिबचा डोस: १० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ८ आठवडे, गुण आला की ५ मिग्रॅ दोनदा. १६ आठवड्यांत फरक नसेल तर बंद. क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या दाहक आजाराच्या चाचण्यांत मात्र ही गोळी फिकी पडली. तिथे त्याच गटातली उपाडासिटिनिब चालते, म्हणून ओळखीच्या कोणाची चिठ्ठी बघून औषध मागू नये.

खरी घाई नडते ती सुरुवातीच्या तपासण्यांत. छातीचा एक्स-रे आणि टीबीसाठी इग्रा (रक्ताची चाचणी) किंवा मँटू (त्वचेवरची चाचणी), शक्यतो स्टेरॉइड सुरू व्हायच्या आधी. स्टेरॉइडवर असताना मँटू खोटी निगेटिव्ह येऊ शकते, आणि सुप्त टीबी टोफासिटिनिबने जागा होऊ शकतो. हेपटायटिस बीची तपासणीही हवीच. जुलाब वाढलेत म्हणून थेट औषध बदलू नका; आधी शौचाचा नमुना क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूसाठी पाठवा, आणि मध्यंतरी सांधेदुखीवर डायक्लोफेनॅक घेतलं होतं का, तेही डॉक्टरांना सांगा. दोन्हींमुळे आजार उसळल्यासारखा वाटतो.

या गोळीवर नागीण होण्याचा धोका वाढतो. नागिणीच्या रीकॉम्बिनंट लशीचे दोन डोस असतात, एरवी २ ते ६ महिन्यांच्या अंतराने. प्रतिकारशक्ती दाबलेली असेल तर दुसरा १ ते २ महिन्यांतही देतात. ही लस जिवंत नाही, त्यामुळे औषध चालू असतानाही चालते. सिगारेट ओढणारे, हृदयविकार किंवा रक्तात गुठळी झालेले, आणि पासष्टीपुढचे यांना मात्र दुसरा पर्याय आधी बघावा. गरोदरपणात ही गोळी टाळतात.

सुरू केल्यावर ४ ते ८ आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी). कोलेस्टेरॉल वर गेलं तर स्वतःहून गोळी सोडू नका, त्यावर वेगळं औषध देता येतं. एका पायाला सूज आली किंवा अचानक धाप लागली, तर मात्र ओपीडीच्या तारखेची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठायची.