परार्धाएवढे काय असते?

"आबा, परार्धाएवढं म्हणजे नेमकं केवढं?" आज दुपारी रामन विज्ञान केंद्राच्या आवारात शेजारच्या बाकावरच्या चिमुरडीने विचारले आणि इतका वेळ तिच्याकडून 'एकं, दहं, शतं' कौतुकाने म्हणवून घेणारे आजोबा गप्प झाले. खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, एकही नाव न चुकता ती परार्धापर्यंत पोहोचली होती.

तिचा प्रश्न दिवसभर मनात घोळत राहिला. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही ही मालिका परार्धापाशी, म्हणजे एकावर सतरा शून्यांपाशी थांबते. विश्वाचे सुमारे १,३८० कोटी वर्षांचे वय सेकंदांत मांडले, तर ते चार परार्धांच्या थोडे पुढे जाते. पाण्याच्या एका थेंबात मात्र हजारो परार्ध रेणू मावतात! ती नक्कीच हरखली असती.

शास्त्रज्ञ अशा संख्या दहाच्या घातांत लिहितात आणि आकडेमोडीला तेच सोयीचे आहे. तरीही डिजिटल माहितीचा साठा वाढत चालला, म्हणून २०२२ मध्ये एकावर सत्तावीस आणि तीस शून्यांसाठी 'रोना' आणि 'क्वेटा' ही नवी नावे त्यांनाही ठरवावी लागली.

आपल्याकडे तर नावे तयारच आहेत. केंद्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ५० लाख कोटी रुपयांचा, म्हणजे पन्नास महापद्मांचा होता. 'लाख कोटी' आणि 'हजार कोटी' यांतला शंभरपटींचा फरक वाचताना सहज निसटतो. महापद्म आणि खर्व रुळले असते, तर तो निसटला नसता, असे मला मनापासून वाटते.

बातमीतले 'लाख कोटी' वाचताना तुम्ही शून्ये मोजता का?