डब्यामागे, पेल्याखाली

ती दारातून आत आली तीच बोलत. "मॅडम म्हणू का मावशी म्हणू? तुमचा चेहरा उतरलाय, चहा झाला नाही वाटतं. आम्ही एसटीनं आलो. खंबाटकीच्या घाटात एका काकूंना इतकं मळमळायला लागलं, मग काय झालं माहितीये?" आठ वर्षांची पोर. मागून आई, खांद्याला पिशवी आणि हातात फुगलेली फाईल.

फाईलवर निदान लिहिलेलं होतं, विल्यम्स सिंड्रोम. तेही कळलं हृदयामुळे. चार वर्षांची असताना तिला ताप आला, डॉक्टरांनी छाती तपासली तेव्हा हृदयात वेगळा आवाज लागला. इको केल्यावर महाधमनी जिथे सुरू होते तिथे, झडपेच्या जरा वर, अरुंद निघाली. पुढे जनुकीय तपासणीत सातव्या गुणसूत्राचा एक बारीकसा तुकडा नसल्याचं दिसलं. त्या तुकड्यात पंचवीसेक जनुकं असतात. रक्तवाहिन्यांना लवचीकपणा देणाऱ्या इलॅस्टिनचं जनुक त्यातलंच एक. न्यूझीलंडच्या जे. सी. पी. विल्यम्स या डॉक्टरांनी १९६१ मध्ये अशा मुलांचं वर्णन केलं, ते हृदयाच्या याच दोषावरून.

निदानाला चार वर्षं होऊन गेली होती आणि स्पीच थेरपीला ती पहिल्यांदाच येत होती. "सगळे म्हणायचे, बोलण्याचा तर प्रश्नच नाही," आई म्हणाली. मग तिनं शाळेची वही पुढे केली. लाल शाईत शेरा होता : सांगितलेले ऐकत नाही, मुद्दाम करते. "मॅडम, एवढं बोलते, मग एवढंसं सांगितलेलं का करत नाही? मीसुद्धा दोन-तीनदा मारलंय हिला."

आपल्याकडे बोलकं मूल म्हणजे हुशार मूल. हे इतकं पक्कं बसलंय की पहिली पंधरा मिनिटं मीही तिच्या गोष्टीत गुंतून गेले होते. चित्रं दाखवली तर प्रत्येक पात्राला वेगळा आवाज दिला. 'बिचारा', 'कासावीस', 'हायसं वाटलं' असे शब्द तिच्या तोंडी होते, आणि तेही जागच्या जागी.

मग मी टेबलावर एक स्टीलचा डबा, एक पेला आणि चमचा ठेवला.

"चमचा पेल्याखाली ठेव."

तिनं चमचा पेल्यात टाकला. "ठेवला मावशी, पेल्याखाली ठेवला."

"आता डब्यामागे ठेव."

चमचा डब्याच्या झाकणावर. "हा बघा, डब्यामागे!"

आवाजात ना गोंधळ, ना खोडी. 'डबा'चं 'डब्या', 'पेला'चं 'पेल्या', सामान्यरूपं अचूक. त्याला जोडलेला 'मागे', 'खाली' तेवढा पोकळ. व्याकरणाचं कवच शाबूत होतं, आतला दाणा नव्हता. 'चमचा पुसण्याआधी पेला मला दे' म्हटल्यावर तिनं आधी चमचा पुसला, अगदी मन लावून, आणि मग पेला दिला. 'आधी'ही तसाच निघाला. आईचा हात मात्र फाईलवर तसाच थांबला.

अशा मुलांचं हे सर्वांत फसवं अंग. वस्तूंची, प्राण्यांची, भावनांची नावं भरपूर येतात, पण दोन गोष्टींमधलं नातं सांगणारे शब्द कच्चे राहतात, कारण जागेचं भानच मुळात अधू असतं. कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटच्या उर्सुला बेलुगी यांनी अशा मुलांच्या भाषेचा अभ्यास केला. त्यातलं हत्तीचं चित्र आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. हत्तीबद्दल रंगवून रंगवून सांगणाऱ्या मुलीनं काढलेला हत्ती, अवयव कागदभर विखुरलेले. अशा नमुन्यांवरून बुद्धी अडली तरी भाषा सुटी वाढते, असं बरीच वर्षं मानलं गेलं. लंडनच्या ॲनेट कार्मिलॉफ-स्मिथ यांनी या मुलांकडे तान्हेपणापासून पाहिलं आणि दाखवलं की त्यांची भाषा उशिराच सुरू होते आणि वेगळ्या वाटेनं येते. मला त्यांचं पटतं, रोज समोर दिसतं म्हणून पटतं.

मी आईला विचारलं, "लहानपणी बोट दाखवायची का ही?"

ती जरा थांबली. "नाही. सगळी पोरं चांदोमामा म्हटलं की वर बघतात, बोट करतात. ही आमच्या तोंडाकडेच बघत राहायची. 'चांदोमामा' म्हणायला मात्र लागली. आम्हाला वाटायचं, किती लळा आहे."

लळा होताच. पण बहुतेक बाळं आधी बोट दाखवतात आणि मग शब्द उच्चारतात. या मुलांत पुष्कळदा शब्द आधी येतो, बोट मागून. डोळे माणसाच्या चेहऱ्यावर खिळलेले असले की ज्या वस्तूबद्दल बोलणं चाललंय ती बाजूलाच राहते.

"म्हणजे समासाच्या डाव्या बाजूला लिही, खालच्या ओळीवर ये, हे तिला..."

"ऐकू येतं, कळत नाही," मी म्हणाले. "मुद्दाम नाही करत, ताई."

आईनं पदर तोंडाला लावला. पोर लगेच खुर्चीवरून उतरली, आईच्या गालाला हात लावून म्हणाली, "आई, तुला त्या घाटातल्या काकूंसारखं होतंय का?" तेवढ्यात शेजारच्या दुकानात ड्रिल सुरू झालं, तशी दोन्ही कान दाबून ती आईच्या कुशीत शिरली. साधे आवाजही या मुलांना बोचतात.

शाळेसाठी मी चिठ्ठी लिहून दिली : एका वेळी एकच सूचना द्यावी, 'डावीकडे' म्हणताना तिथे बोट ठेवावं, आणि काम करताना तिला मोठ्यानं बोलू द्यावं. गप्प बस म्हणू नये, हे मी दोनदा अधोरेखित केलं. जागा हरवली की तिला धरायला शब्दच असतात.

निघताना तिला चपला सापडेनात. "बाकाखाली आहेत," आई सवयीनं म्हणाली. पोर बाकावर शोधू लागली. आईच्या कपाळाला आठी पडली आणि तशीच विरली. साडी सावरत ती फरशीवर बसली, लेकीला जवळ ओढलं, तिचा हात धरून बाकाच्या पोटात घातला.

"इथे. हे बाकाखाली."

"इथे अंधार आहे," पोर म्हणाली.

"हो. बाकाखाली अंधार आहे."

"बाकाखाली अंधार आहे, आणि माझी चप्पल आहे," ती म्हणाली, आणि हात बाहेर काढायलाच तयार होईना.