एकच ओळ

"ताई, एकच ओळ बदललीय. पॅचच वाढवते ना?"

संध्याकाळी निघता निघता टीममधल्या मुलीने विचारलं आणि मी 'हो' म्हणणारच होते. आमची ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, पाच टीम वापरतात. आवृत्तीच्या आकड्यातला शेवटचा, छोट्या दुरुस्तीचा भाग म्हणजे पॅच. २.४.१ चं २.४.२ करायचं आणि घरी जायचं.

मग ती ओळ उघडून पाहिली. ग्राहकाचा पत्ता सापडला नाही तर फंक्शन आधी रिकामी स्ट्रिंग, म्हणजे रिकामा मजकूर द्यायचं. आता नल देतं, म्हणजे मजकूरच नाही.

"पण आधीचं चुकीचंच होतं," ती म्हणाली. खरंय तिचं. पण त्या रिकाम्या स्ट्रिंगवर विसंबून कुणी पुढे थेट ट्रिम (कडेच्या मोकळ्या जागा काढणं) लावलं असेल तर? नलवर ते कोसळणार. बाकीच्या टीमच्या पॅकेज फाइलमध्ये २.४.१ च्या आधी कॅरेट (^) आहे. म्हणजे पुढच्या अपडेटला ३.०.० च्या खालचं काहीही एनपीएम, म्हणजे लायब्ररी उतरवून देणारं साधन, न विचारता उचलणार.

शोधलं. दोन टीमच्या कोडमध्ये अगदी तसंच ट्रिम होतं.

३.०.० केलं, म्हणजे पहिला, मेजर आकडा वाढवला. चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदीत, आधी काय मिळायचं, आता काय मिळतं, ते उदाहरणासकट लिहिलं. ती जरा खट्टू झाली. "एवढ्याशा बदलाला मेजर?"

घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. ओळी आपण आपल्या बाजूने मोजतो. पलीकडच्याला आमची ती ओळ दिसतच नाही, दिसतो फक्त आकडा, आणि तो बिचारा त्याच्याच भरवशावर शुक्रवारी रिलीज करतो.

बग दुरुस्त केल्यानेच कुणाचं काही मोडणार असेल, तर तुम्ही कुठला आकडा वाढवता?