एप्रिलची रोजनिशी : तबला, कूलर आणि एम. ए.चं दुसरं वर्ष

जळगाव, एप्रिल.

तबल्यात एम. ए. करणाऱ्याला भेटेल तो पहिल्यांदा हेच विचारतो : रियाज रोज किती तास? खान्देशात एप्रिल लागला की त्याआधी दुसरा प्रश्न येतो : कोणत्या तासांत? पहाटे काळी एकला (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) चोख लावलेला तबला दुपारी पत्र्याखाली वर चढलेला असतो. मग कूलर सुरू होतो आणि तोच तबला तासाभरात मूळ सुराच्याही खाली येऊन बसतो. वाद्याशी रोज भांडायचं नसेल तर दिवस त्याच्या कलाने आखावा. खालची नोंद त्याच हिशेबाची.

पहाट, साडेचार ते सात

हवा कोरडी, पण गार. पुडी, म्हणजे तबल्याचं चामड्याचं तोंड, या वेळात फारशी हलत नाही, म्हणून हाताचं सगळं काम इथेच उरकायचं. बोल, म्हणजे आघातांची अक्षरं : आधी तिट, मग तिरकिट, मग धिरधिर. मेट्रोनोम ६० वर, मात्रेत चार अक्षरं, म्हणजे मिनिटाला २४० आघात. एक बोल न थांबता दहा मिनिटं. दहाव्या मिनिटाचा आवाज पहिल्या मिनिटासारखाच असेल तरच दुसऱ्या दिवशी ६४. एकदम ८० वर उडी मारली की लय वाढल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात खांदा आखडतो आणि ताकद बोटांऐवजी दंडातून यायला लागते.

तिरकिट जलद झालं की त्यातला ‘र’ गिळला जातो. तर्जनी पुडीपासून फार उंच उचलली जाते आणि वेळेत खाली येत नाही, हे त्याचं नेहमीचं कारण. लय कमी करून फक्त बोटाची उंची कमी करायची, जोर वाढवायचा नाही. धिरधिरची खोड वेगळी. तळवा मनगटातून फिरायला हवा, आधी करंगळीकडची कड, मग अंगठ्याकडची. तो कोपरातून फिरला की शाईवरून (मधल्या काळ्या गोलावरून) मैदानात (तिच्याभोवतीच्या मोकळ्या चामड्यावर) घसरतो आणि आवाज फुटका येतो. वाजवत असताना आपल्या कानाला हे कळत नाही. फोनवर रेकॉर्ड करून अर्ध्या गतीने ऐकलं की लपायला जागा राहत नाही.

मग कायदा, म्हणजे विस्तार करता येणारी ठरावीक बोलांची रचना. पूर्ण आठवडा एकच. दिल्ली घराण्याचा ‘धाधा तिट धाधा तिंना, ताता तिट धाधा धिंना’ सगळ्यांना येतो, म्हणूनच परीक्षकाचं लक्ष त्यात डाव्या हाताकडे असतं. ‘ताता तिट’ला डग्गा बंद आणि ‘धाधा धिंना’ला पुन्हा खुला. चौगुणीत (चौपट लयीत) सवयीने डग्गा खालीतही (बंद भागातही) घुमत राहतो, किंवा भरी (खुला भाग) यायला अर्धं अक्षर उशीर करतो. तपासायचा सोपा उपाय : उजवा हात मांडीवर ठेवून नुसता डग्गा वाजवायचा. तेवढ्यावरून ऐकणाऱ्याला खाली कुठे आणि भरी कुठे हे कळलं, तर डावा हात तयार आहे.

पाऊण तासाला दहा मिनिटं विश्रांती, यात तडजोड नको. कोपराखालचा हात भरून येणं चालेल. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात टोचायला लागलं तर त्या दिवशी तो बोल बंद. घामासाठी पावडर चिमूटभरच, कारण जास्तीची पावडर शाईच्या बारीक भेगांत जाऊन बसते आणि नाद मारते. हिवाळ्यात बोटांना चिरा पडतात, त्याला खोबरेल तेल. पण ते रात्री झोपताना लावायचं, वाजवण्याआधी कधीच नाही.

सूर लावताना

हे काम दिवसातून अनेकदा करावं लागतं, तरी त्याचा रियाज कोणी करत नाही. पुडीला कडेने सोळा घरं (वाद्यांमधल्या जागा), खाली वाद्यांत, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यांत, अडकवलेले आठ लाकडी गठ्ठे, म्हणजे साधारण दोन घरांमागे एक गठ्ठा. अख्खा तबला अर्ध्या स्वराहून जास्त चढला किंवा उतरला असेल तर हातोडी गठ्ठ्यांवर चालवायची, तेवढी तफावत गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या गोफावर) ठोकून काढायची नाही. गजरा बारीक फरकासाठी. वरून खाली ठोकला की सूर चढतो, खालून वर ठोकला की उतरतो. तंबोऱ्याशी जुळणारं एक घर आधी सापडवायचं, मग त्याच्या बरोबर समोरचं, मग त्या दोहोंच्या काटकोनातली दोन, आणि शेवटी मधली. शेजारी शेजारी ठोकत फेरी मारली तर सोळाव्या घरापर्यंत पोचता पोचता पहिलं घर हललेलं असतं. ‘ना’ वाजवून पाहायचं, पण शेवटची खात्री ‘तिं’वर. नुसत्या चाटेवर (पुडीच्या कडेच्या पट्टीवर) सूर जुळला आणि मैदानात दोन आवाज भांडत राहिले, तर कुठलं तरी घर अजून खोटं आहे.

आता कूलर. चामडं हवेतला ओलावा शोषून सैल होतं आणि कोरड्या उन्हात आकसून ताणतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. म्हणून कूलरच्या झोतात तबला ठेवणं म्हणजे गठ्ठे स्वतःहून वर सरकवण्यासारखंच आहे. रियाजापुरता पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा, नाहीतर तबला झोतापासून बाजूला, भिंतीकडे घ्यावा. सगळ्यात वाईट पत्र्याची खोली, तिथे तासातासाला तापमान बदलतं. खेड्यातली धाब्याची घरं या बाबतीत खरंच सुखाची. जाड माती उष्णता हळू आत सोडते, त्यामुळे पुडीही हळूच हलते. रियाजाला खोली शोधणाऱ्याने आरसा आणि गालिचा नंतर पाहावा, आधी छत पाहावं.

डग्ग्याची तक्रार उलटी. उन्हात तो इतका आवळतो की घुमारा जातो आणि मींड ओढली (तळवा दाबत सूर सरकवला) तरी दगडासारखा आवाज येतो. वाद्या थोड्या सैल करून पाहायच्या. तेवढ्याने भागलं नाही तर तळवा ओलसर करून नुसत्या मैदानावरून फिरवायचा. शाईला पाण्याचा थेंब लागता कामा नये. शाई म्हणजे लोखंडाची पूड, काजळी आणि खळ यांचे एकावर एक घोटलेले थर. पाणी लागलं की थर सुटतात, आणि सुटलेली शाई खडखडते. मग पुडी बदलण्यावाचून इलाज नाही.

अकरा ते एक

वर्ग. घराणी, ताललिपी, उपस्थिती. पुढे.

दुपार, दोन ते पाच

पारा त्रेचाळीसच्या आसपास. या वेळी तबल्याला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. या वेळात पढंत (बोल तोंडाने म्हणणं) आणि गणित, कारण दोन्हीला वाद्य लागत नाही.

पढंत हाताने टाळी-खाली दाखवत. तोंडाने अडखळतो तो बोल हातानेही अडखळतोच, पण तोंडाची चूक सुधारायला दहा मिनिटं लागतात, हातात मुरलेली चूक सुधारायला महिने.

गणित म्हणजे तिहाई, एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येणं. पदवीपर्यंत सगळं त्रितालात चालून जातं. एम. ए.ला रुद्र, मत्त, पंचम सवारी, आडाचौताल हे ताल समोर आले की पाठ केलेल्या तिहाया कामाच्या राहत नाहीत. नियम एकच : समेपासून निघून पुढच्या समेवर यायचं तर आवर्तनाच्या (तालाच्या एका फेरीच्या) मात्रांत एक मिळवायचा, आणि तिहाईचे तीन तुकडे व मधले दोन दम (विराम) यांची बेरीज तेवढी यायला हवी. त्रितालात १६ मात्रा, म्हणजे १७. ‘तिट कत गदि गन धा’ हा धा धरून पाच मात्रांचा तुकडा, मध्ये एक मात्रा दम : ५, १, ५, १, ५. बरोबर १७. आडाचौतालात १४ मात्रा, म्हणजे १५ हव्यात. तोच तुकडा दम न घेता तीनदा. झपतालात १० मात्रा, म्हणजे ११ हव्यात, तिथे तो मावत नाही, पण दुगुणीत (दुप्पट लयीत) घेतला आणि मध्ये दीड-दीड मात्रा दम ठेवला की समेवर येतो; शेवटचा धा अर्ध्या मात्रेचा, म्हणून बेरीज साडेदहा. बारा मात्रांच्या एकतालात तीनचा तुकडा आणि दोनचा दम, सातच्या रूपकात दोनचा तुकडा आणि एकाचा दम, अकरा मात्रांच्या रुद्रमध्ये चारचा तुकडा बेदम (दम न घेता), पंधराच्या पंचम सवारीत चारचा तुकडा आणि दोनचा दम. चूक जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी होते. शेवटचा धा समेवर पडतो, तो पुढच्या आवर्तनाचा असतो, आणि तोच मोजायचा राहतो. तिहाई मग एक मात्रा आधी संपते. वाजवणारा हसून ठेका धरतो, परीक्षक वहीत लिहितो.

लयकारीच्या लेखी प्रश्नाला एवढीही कल्पकता लागत नाही, तरी तिथेच गुण जातात. त्रिताल आडीत, म्हणजे दीडपटीत, लिहून समेवर आणायचा : १६ मात्रा १० पूर्णांक २/३ मात्रांत बसतात, म्हणून सुरुवात ५ पूर्णांक १/३ मात्रांनंतर. सव्वापटीच्या कुआडीत १२ पूर्णांक ४/५, सुरुवात ३ पूर्णांक १/५ नंतर. पावणेदोनपटीच्या बिआडीत ९ पूर्णांक १/७, सुरुवात ६ पूर्णांक ६/७ नंतर. आडीत सहाव्या मात्रेच्या अगदी आरंभी बोल लिहिला तर पुढचं सगळं एक तृतीयांश मात्रा आधी जातं. काही ग्रंथांत कुआड म्हणजे आडीची आड, सव्वादोनपट. तेव्हा कोणती व्याख्या धरली आहे ते उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहावं. भातखंडे आणि पलुस्कर या ताललेखन पद्धतींची चिन्हंही एकाच पानावर मिसळू नयेत. एकात समेला फुली, दुसऱ्यात खालीला अधिकचं चिन्ह. घाईत दोन्ही सारखीच दिसतात.

तोंडी परीक्षेत शाई कशासाठी हा प्रश्न हमखास. ‘नाद गोड व्हावा म्हणून’ हे उत्तर अर्धंच. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात, म्हणून ढोलाला ठरावीक सूर सांगता येत नाही. मधोमध जाड, कडेला पातळ होत जाणारं शाईचं वजन पहिले काही उपस्वर पूर्ण पटींच्या जवळ आणतं. सी. व्ही. रामन यांनी हे १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं होतं. एवढं सांगितलं तरी पुरतं.

संध्याकाळ, साडेसहानंतर

साथ. गायन शिकणारी मुलं येतात आणि खरी अडचण पट्टीची होते. काळी एकचा, सव्वापाच इंच तोंडाचा एकच तबला असेल तर तो तिघांना पुरवता येतो : काळी एकच्या गायकाला षड्ज, काळी तीनला पंचम, काळी चारला मध्यम. पण राग विचारल्याशिवाय लावायचा नाही. भूपात मध्यम नाही, काळी चारच्या गायिकेला तिथे हा तबला खुपतो. मारव्यात पंचम नाही, तिथे काळी तीनच्या गायकाला. अशा वेळी मोठ्या तोंडाचा तबला आणून खालच्या षड्जाला लावणं हाच उपाय. छोट्या तबल्याचे गठ्ठे सैल करत करत तिथवर न्यायला गेलं तर त्याचा नुसता डबा होतो.

विलंबित एकताल मात्रेला चार सेकंद धरला तरी आवर्तन ४८ सेकंदांचं. लय बिघडते ती चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर. तिरकिट पटकन उरकलं जातं, पुढे मोकळी जागा उरते आणि ती भरायला हात धावतो. प्रत्येक मात्रेचे चार भाग मनात सतत चालू हवेत, आणि तिरकिटची चार अक्षरं त्या चार भागांवर. सोलोत लोकांना थक्क करणारे हात इथे उघडे पडतात, आणि मला तेच योग्य वाटतं.

रात्र

एकादशीला भजन असतं. मुक्ताईनगरची परंपरा इथल्या बहुतेक वादकांच्या हातात आधीपासून असते. पखवाजाच्या धुमाला (डाव्या तोंडाला) लावलेली कणीक या दिवसांत लवकर सुकते, ओलं फडकं जवळ ठेवून मधूनमधून बोट फिरवावं लागतं. कार्यक्रम संपताच ती खरवडून काढायची, नाहीतर चामडं कुजतं आणि उंदरांचीही सोय होते. भजनी हात जड होतो म्हणून जाऊ नये असं सांगणारे पुष्कळ. ठेक्याची चिकाटी मात्र तिथेच मिळते, आणि महिन्याचा खर्चही थोडा सुटतो.

लघुप्रबंधासाठी अजून कोणी ‘सहा घराण्यांचा तौलनिक अभ्यास’ घेत असेल तर कृपा करून थांबावं. सातपुड्यात होळीला वाजणारे मोठे ढोल आहेत, वहीगायन या खान्देशी लोकगायनातला डफ आहे. तोंडाचा व्यास, चामडं कोणतं, टिपरू (वाजवायची काठी) कोणत्या लाकडाचं, आघात पुडीच्या कोणत्या भागावर, हे मोजून लिहा. एकदा दोन्ही हात, मग प्रत्येक हात वेगळा असं रेकॉर्डिंग करा, आणि आघातांची नावं वादकाच्या तोंडची घ्या, आपली तबल्याची लादू नका. डफ वाजवण्याआधी विस्तवावर का शेकतात हे विचारायची गरज नाही. दुपारी पत्र्याखालच्या पुडीने ते शिकवलेलं असतं.

झोपण्याआधी गठ्ठे थोडे वर घेऊन गवसणी घालायची. ताणलेली पुडी दुसऱ्या दिवशीच्या उन्हात गजऱ्याजवळ फाटते.

प्रात्यक्षिक परीक्षा याच उकाड्यात. तबला तासभर आधी परीक्षेच्या खोलीत नेऊन पिशवीतून बाहेर ठेवायचा, आणि माणसं येऊन पंखे-कूलर सुरू झाल्यावरच शेवटचा सूर लावायचा. सोबत दुसरा तबला, अर्धा स्वर खाली लावलेला. पहिल्याची पुडी गेली तर गठ्ठे खाली घेऊन तो दोन मिनिटांत सुरात येतो. लेहरा (आवर्तनभर फिरत राहणारी साथीची धून) धरणाऱ्याला आधी पढंत करून तिहाई ऐकवायची, म्हणजे समेवर तो दचकत नाही. फोनवरचा लेहरा लावणार असाल तर फोन एअरप्लेन मोडवर.