पाळीचा एकविसावा दिवस

माझ्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या पहिल्या रिपोर्टवर ०.६ हा आकडा ठळक छापलेला होता आणि त्याच्या शेजारी खाली वळलेला बाण होता. तुमचे स्त्रीबीज बाहेरच पडत नाही, असे मला सांगण्यात आले आणि पुढचे तीन आठवडे ते वाक्य माझ्या मनातून हलले नाही. नंतर दुसऱ्या एका डॉक्टरबाईंनी रिपोर्ट उघडण्याआधी विचारले, “तुमची पाळी किती दिवसांनी येते?” माझी पाळी पस्तीस दिवसांनी येते, आणि रक्त मात्र सगळ्यांचे घेतात तसे एकविसाव्या दिवशी घेतले होते.

प्रोजेस्टेरॉन वाढते ते स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर, आणि पुढची पाळी यायच्या साधारण सात दिवस आधी ते सर्वांत जास्त असते. अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात हा दिवस एकविसावा येतो, माझ्या चक्रात तो अठ्ठाविसावा होता. त्या दिवशी पुन्हा रक्त दिले तेव्हा आकडा ११ आला. तो ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असला की स्त्रीबीज बाहेर पडल्याचे सहसा मानतात. म्हणजे माझ्या शरीरात काहीच बिघडलेले नव्हते, केवळ दिवस चुकला होता. लॅबच्या रिपोर्टवर तारीख असते, पाळीचा दिवस सहसा नसतो; म्हणून आता मी प्रत्येक रिपोर्टच्या कोपऱ्यात तो पेनाने लिहून ठेवते.

एफएसएच (अंडाशयातील बीजांची वाढ करवणारे हार्मोन) आणि एस्ट्राडिऑल (अंडाशयात तयार होणारे हार्मोन) या तपासण्या पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करतात, आणि त्या दोन्ही एकाच वेळी करणे महत्त्वाचे आहे, कारण एस्ट्राडिऑल वाढलेले असेल तर ते एफएसएच दाबून ठेवते आणि एकट्या एफएसएचचा आकडा कमी, म्हणून फसवा चांगला दिसतो. प्रोलॅक्टिन (अंगावरचे दूध तयार करवणारे हार्मोन) ताणानेही वाढते, त्यामुळे ते थोडेसे जास्त आले तर सहसा तपासणी पुन्हा करून पाहतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण काही तपासण्यांचे आकडे त्यामुळे चुकतात.

एएमएच (अँटी-म्युलेरियन हार्मोन) ही तपासणी मात्र चक्राच्या कोणत्याही दिवशी करता येते, आणि सर्वांत जास्त घबराट मी याच तपासणीने झालेली पाहिली आहे. माझ्या मावसबहिणीने लग्नाआधी ती करून घेतली आणि आकडा कमी आल्यावर घरात रडारड झाली. एएमएचवरून अंडाशयात अंदाजे किती बीजे शिल्लक आहेत ते कळते. ती किती चांगली आहेत ते कळत नाही. आयव्हीएफच्या इंजेक्शनांना अंडाशय कसा प्रतिसाद देईल याचा अंदाज बांधायला ते उपयोगी पडते, परंतु ज्या बाईने अजून मुलासाठी प्रयत्नच केलेला नाही तिला दिवस राहतील की नाही, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. शिवाय माझी मावसबहीण त्या वेळी गर्भनिरोधक गोळ्या घेत होती, आणि त्या गोळ्यांनी एएमएच कमी दिसू शकते; पण गोळ्या चालू आहेत का, हे तिला कोणीही विचारले नव्हते.