सीटी स्कॅनमध्ये हृदयाचे कप्पे कसे मोजतात
बेळगावात हृदयाच्या सीटी स्कॅनसाठी खानापूर, निपाणी किंवा पलीकडच्या चंदगडहून आलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘पंपिंग किती टक्के?’ फाइलमध्ये टू-डी एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा आकडा आधीच असतो आणि सीटीचा आकडा त्याच्याशी जुळला नाही की त्यांची घालमेल सुरू होते. रेडिओलॉजी विभागात नोकरी करत असल्यामुळे याचा उलगडा मला वरचेवर करावा लागतो.

एकोमध्ये डाव्या जवनिकेचे, म्हणजे शरीराला रक्त पुरवणाऱ्या कप्प्याचे घनफळ बहुधा दोन छेदांवरून काढतात आणि उरलेला आकार गृहीत धरतात. सीटीमध्ये आयोडीनयुक्त इंजेक्शनामुळे पोकळीतले रक्त उजळ दिसते, त्यामुळे संगणक पातळ चकत्या एकावर एक रचून प्रत्यक्ष घनफळ मोजतो. ईसीजीच्या आधाराने ठोक्याच्या चक्राचे दहा किंवा वीस टप्पे पाडले जातात आणि त्यांतून कप्पा सर्वांत मोठा व सर्वांत लहान असतानाचे टप्पे निवडले जातात. मोठा असताना १२० आणि लहान असताना ५० मिलिलिटर भरले, तर ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडले, म्हणजे पंपिंग सुमारे ५८ टक्के.

घोळ होतो तो कप्पा लहान असतानाच्या टप्प्यात. ०.३३ सेकंदात एक फेरा घेणाऱ्या यंत्राला एका चित्रासाठी अर्धा फेरा, म्हणजे साधारण १६५ मिलिसेकंद लागतात. आकुंचनाचा शेवट त्याहून क्षणिक असल्यामुळे चित्र पुसट होते, घनफळ थोडे जास्त भरते आणि पंपिंग किंचित कमी दिसते. दोन एक्स-रे नळ्यांच्या यंत्रात ही उणीव बरीच कमी होते, तरी कप्प्यांच्या मोजमापाचा मानदंड एमआरआयच मानला जातो. कप्प्यातील स्नायूंचे उंचवटे पोकळीत धरले की वगळले, यानेही आकडा हलतो. अहवालात ते क्वचितच लिहिलेले असते, हे मला खटकते.

किरणांची मात्रा कमी ठेवण्यासाठी अनेकदा ठोक्याचा एकच टप्पा टिपला जातो. त्यावरून रक्तवाहिन्या पाहता येतात, कप्प्याचा आकारही कळतो, पण पंपिंग काढता येत नाही. निव्वळ पंपिंगसाठी किरणे आणि मूत्रपिंडावर ताण आणू शकणारे इंजेक्शन घ्यावे, असे मला वाटत नाही. त्याला एको पुरेसा आहे. मात्र रक्तवाहिन्यांसाठी पूर्ण चक्राचा स्कॅन झालाच असेल, तर त्याच माहितीतून हे मोजमाप अवश्य करून घ्यावे.