तुम्ही विचारलंत म्हणून: डिझाइनवाल्याला कधी बोलवायचं?

"ॲप होऊ द्या, मग शेतकऱ्यांना दाखवून तुम्ही जरा सोपं करून द्या. तर तुम्हाला नेमकं कधी बोलवायचं?" नवी टीम भेटली की हा प्रश्न ठरलेला. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीसाठी आम्ही पीकनोंदीचं ॲप केलं. सगळा कोड लिहून झाल्यावर ते घेऊन दारव्ह्याजवळच्या एका वावरात गेलो. उन्हात स्क्रीन दिसेना. अक्षरं ठळक करून ते निभावलं. मग क्षेत्राचा रकाना आला. काकांनी 5 टाकले. त्यांचे पाच एकर, आमच्या ॲपचे पाच हेक्टर, म्हणजे बारा एकरांहून जास्त! सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं म्हणून आम्हीही तेच ठेवलेलं. एकराचं बटण दिलं, तेही मिटलं.

अडलं ते पुढे. पिकांची यादी उघडली आणि काकांचं बोट हवेतच राहिलं.

"आठ तास पराटी अन् दोन तास तूर हाये. याले कोनतं सांगू?"

म्हणजे आठ ओळी कपाशी, मग दोन ओळी तूर. आमच्या डेटाबेसमध्ये एका शेताला एकच पीक. (आमच्या घरच्या वावरातही पराटीत तूर असते. तरी मला सुचलं नाही.) हे काही बटण हलवून सुटणारं नव्हतं. टेबलं बदलली, क्षेत्राची बेरीज बदलली, अहवाल बदलले. तोवर बोंडं फुटून वेचणी लागली होती.

आता मी कोडची पहिली ओळ लिहायच्या आधीच जातो, कागदावर पेनानं काढलेले स्क्रीन घेऊन. पाराशी पाच जण मिळाले तरी पुरतात. ॲप-वेबसाइट वापरायला किती सोप्या, याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2000 साली मांडलेल्या हिशोबानुसार पाच जणांत सुमारे 85 टक्के अडचणी दिसतात. तो हिशोब एक माणूस सरासरी 31 टक्के अडचणी दाखवतो असं धरून केलेला आहे, त्यामुळे आकड्याला मी फार चिकटत नाही. पाचही जण गावातली स्मार्टफोनवाली पोरं असली, तर मात्र फेरी फुकट. ज्यांच्या हाती घरातला फोन रात्रीच येतो, अशी एखादी ताई हवीच.

मागच्या फेरीत अशाच एका ताईंनी कागदावरच्या 'जतन करा'वर बोट ठेवलं. "हे धाडते का नुसतं ठेवते?"

रेंज नसताना काय करायचं, हे तोवर आमचंच ठरलेलं नव्हतं.